युगांडाच्या वाटेवर कुमुदअक्का

मला युगांडाला जायचं होतं आणि मी डॉक्टरला दुबई सांगितलं.

हा मूर्खपणा होता, मान्य. पण आमच्या बाजूला परदेशी जायची गोष्ट विमानात बसेपर्यंत कोणी तोंडातून काढत नाही, आणि त्याला कारण आहे. सावद्याकडच्या एका गृहस्थांनी इस्राएलची शेती बघायला जायचं म्हणून आधीच चौकात बॅनर लावून घेतलं. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. व्हिसा तेवढा झाला नाही. बिचाऱ्यांनी ते दिवस पाचोऱ्याला सासुरवाडीच्या माळ्यावर काढले आणि परत येऊन गावभर खजुराची पाकिटं वाटली. पाकिटांवर पाचोऱ्याच्या किराणा दुकानाचं लेबल तसंच होतं. तेव्हापासून आम्ही सगळे शहाणे झालो. आधी जायचं, मग सांगायचं.

मी केळीतला माणूस. बाग सावद्याजवळ, राहायला जळगावात. कुणाच्या बागेत घड लहान पडले, पानं करपली, की मला बोलावतात. मी जातो, बांधावर उभा राहतो आणि मान डोलावतो. या मान डोलावण्याला गेल्या काही वर्षांत ‘सल्ला’ असं नाव पडलं. ठिबकचं सामान बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीनं मला विचारलं, युगांडात काही आठवडे येता का, तिथल्या शेतकऱ्यांना लागवड दाखवायला. युगांडात लोकांचं जेवणच केळ्यांचं असतं, त्यांना आपण काय दाखवणार, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला तो असा, की हे प्रल्हादला कसं कळू द्यायचं नाही. प्रल्हाद म्हणजे आमच्या भागातला दुसरा मान डोलावणारा. वयानं माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, बोलायला गोड.

आणि प्रल्हादची सासू दर आठवड्याला रक्तदाब मोजायला कुमुदअक्कांच्या दवाखान्यात बसलेली असायची.

जळगावात परदेशी निघालेला माणूस कुमुदअक्कांना टाळून जाऊ शकत नसे. अक्का मूळच्या धुळ्याच्या, माझ्या मोठ्या बहिणीच्या शाळेतल्या मैत्रीण. सरकारी नोकरी संपवून त्यांनी जळगावात दवाखाना काढला आणि कसं कोण जाणे, बाहेरदेशी जाणाऱ्यांना लशी देणं आणि दम देणं हे त्यांचंच काम होऊन बसलं. स्वतः त्या कधी देशाबाहेर गेल्या नव्हत्या. टेबलावर शाळेतला असतो तसला पृथ्वीचा गोल होता. पेशंटनं देशाचं नाव घेतलं की गोल फिरवायचा, त्या देशावर बोट ठेवायचं आणि तिथे डास कोणते, पाणी कसलं, कुत्री किती हे अशा तोऱ्यात सांगायचं, जसं काही गेल्याच आठवड्यात तिथून भाजी घेऊन आल्या.

“पोट आपलं, पाणी परकं,” हे त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, “खोटं नंतर सांग, आधी खरं सांग.”

कारण अक्कांची ठाम समजूत होती की खान्देशातला माणूस वकिलाला खरं सांगेल, व्याह्यालाही एखादवेळी सांगेल, पण डॉक्टरला कधीच नाही. म्हणून त्या पेशंटला विचारायच्याच नाहीत. बरोबर आलेल्या माणसाला विचारायच्या.

“दारू?”

“नाही घेत,” पेशंट म्हणायचा.

“तुम्ही गप्प बसा हो. वहिनी, तुम्ही सांगा.”

“सोमवारी नाही घेत,” वहिनी म्हणायच्या.

आणि तपासणीच्या खोलीचं दार सताड उघडं. दार लावलं की माणूस जास्त खोटं बोलतो, हा अक्कांचा सिद्धांत. बाहेरच्या बाकांवरचे लोक हे साक्षीदार. आत कुणी “तंबाखू नाही” म्हणालं, की बाहेरून एखादा खाकरायचा. या पद्धतीनं किती माणसांची अब्रू गेली याचा हिशेब नाही. मी त्यांना एकदा म्हटलंही, “अक्का, लोकांना काही खाजगी असतं.” त्या म्हणाल्या, “लाज गेलेली बरी, किडनी गेली तर कुठून आणशील?”

त्या स्वतःही खोटं बोलत नसत, आणि तेही तितकंच तापदायक होतं. जुन्या बाजारातले एक कापडाचे व्यापारी, मूळ मारवाडकडचे, जैन, घरात कांदासुद्धा नाही. सगळं कुटुंब केनियाला सिंह बघायला निघालं होतं, बरोबर स्वयंपाकी महाराज घेऊन. केनियाहून परत येताना पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. शेठजींनी सहज विचारलं, “डॉक्टरीणबाई, यात काही तसलं नाही ना?”

दुसरा कोणी डॉक्टर असता तर म्हणाला असता, काही नाही शेठजी, औषध आहे. अक्कांनी सांगितलं, “ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात.”

बाहेरच्या बाकांवरचे लोक दाराशी सरकले. शेठजींनी घाम पुसला. त्यांची सून जवळजवळ रडायला आली, कारण सिंहांची तिकिटं काढून झाली होती.

“मग आता?”

“मग जाऊ नका,” अक्का म्हणाल्या आणि गोल फिरवला. “जग मोठं आहे. व्हिएतनामला जा. तिथे ही लस लागत नाही.”

ते खरंच व्हिएतनामला गेले. सुनेनं पुढे कितीतरी दिवस अक्कांच्या दवाखान्यावरून जाताना मान फिरवली. मी अक्कांना म्हटलं, “सांगायची काय गरज होती?” तर म्हणाल्या, “त्यानं विचारलं. आणि नसतं विचारलं तरी सांगितलं असतं. पोट त्याचं, धर्म त्याचा.”

रावेरकडच्या एका नवऱ्या मुलाची गोष्ट तर सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. लग्न झालं, बालीला निघाला. अक्कांनी बजावलं, तिथे देवळांत माकडं आहेत, त्यांना खायला द्यायचं नाही, केळं तर हातातसुद्धा धरायचं नाही. हे वाक्य अक्कांनी केळीवाल्याच्या पोराला सांगितलं. ज्याच्या घरात पाळण्यावर केळीचा खांब बांधतात त्यानं केळं हातात धरायचं नाही? पोरगं उलट हट्टाला पेटलं. घरच्या केळ्यांची फणी बॅगेत घालून बालीला गेलं, माकडासमोर उभं राहिलं आणि बायकोला म्हणालं, काढ फोटो, आपला माल त्यांना आवडतो का बघू. माल आवडला. पण माकडानं केळ्याबरोबर बोटही धरलं. मधुचंद्राचे उरलेले दिवस रेबीजच्या इंजेक्शनांत गेले आणि शेवटची इंजेक्शनं घ्यायला पोरगं परत अक्कांसमोर. अक्का रागावल्या नाहीत. फक्त बाहेरच्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “केळं कोणतं होतं? पिकलेलं की कच्चं? सांग, मला पुढच्यांना सांगायला बरं.”

तर अशा बाईसमोर, अशा उघड्या दाराच्या खोलीत, प्रल्हादची सासू बाहेर दंडाला पट्टा बांधून बसलेली असताना, मला विचारलं गेलं, “कुठे निघालास?”

मी म्हटलं, “दुबई.” दुबईला कोणीही जातं, त्यात काही बातमी नाही.

“शोभाला सोडून?”

शोभा म्हणजे माझी बायको. तिला मी मुद्दामच आणलं नव्हतं. “तिला ऊन सोसत नाही,” मी म्हटलं. जळगावच्या बाईला ऊन सोसत नाही हे ऐकून अक्कांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग विषमज्वराची एक सुई टोचली, फ्लूची एक टोचली, जुलाबाच्या पावडरी दिल्या आणि म्हणाल्या, “परत येशील तेव्हा खरं सांग.”

परत येण्याची वेळ पुढच्याच आठवड्यात आली. कंपनीनं कळवलं की पिवळ्या कार्डाशिवाय युगांडात पाऊलही ठेवू देत नाहीत, आणि लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी. मी दुपारी, बाक रिकामे असतील अशी वेळ बघून गेलो. बाक रिकामे नव्हते. मी टेबलावर ओणवून कुजबुजलो, “अक्का, दुबई नाही. युगांडा.”

“युगांडा?” अक्का ज्या आवाजात म्हणाल्या तो आवाज पुढच्या चौकातल्या रिक्षावाल्यांपर्यंत गेला असावा. मी घरी पोचायच्या आत प्रल्हादचा अभिनंदनाचा फोन येऊन गेला होता.

पण त्याआधी अक्कांनी मला खुर्चीत बसवलं. “औषधं कोणती चालू आहेत?”

“कोणतीच नाही.”

“तोंड का सुजलंय?”

“सुखात आहे, अक्का.”

रागावल्या की अक्का शुद्ध मराठी सोडून धुळ्याच्या घरी जायच्या. “तू माले येडी समजस का? शोभाले फोन लाव.”

फोन लावला. अक्कांनी तो माझ्या हातातून घेतला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, “शोभा, हा काय खातो?”

“काय खातात म्हणजे? सगळंच खातात,” शोभा म्हणाली. “आणि ती गुडघ्यांची पुडी. सातपुड्याकडच्या बाबाची. रोज सकाळी, दुधातून.”

ही पुडी आमच्याकडे निम्मी म्हातारी माणसं घेतात. बाबा सांगतो जडीबुटी आहे. गुडघे आठवड्यात पळायला लागतात. मी वर्षभर घेत होतो, आणि पुडी म्हणजे काही औषध नव्हे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

“यात स्टेरॉईड आहे,” अक्का म्हणाल्या.

“तपासल्याशिवाय कसं म्हणता?”

“तुझं तोंडच रिपोर्ट आहे. आता ऐक. ही लस जिवंत असते. जंतू दुबळे केलेले, पण जिवंत. धडधाकट माणसाच्या अंगातले रखवालदार त्यांना धरतात, ओळखून ठेवतात, काम झालं. तुझे रखवालदार त्या बाबानं वर्षभर झोपवून ठेवलेत. त्या घरात दुबळा चोर सोडला तरी तो सगळं घेऊन जाईल.”

“म्हणजे लस नाही?”

“आत्ता नाही. पुडी एकदम सोडायचीही नाही, कोसळशील. मी सांगते तशी हळूहळू उतरवायची. ती पूर्ण सुटल्यावर वर महिनाभर थांबायचं. मग बघू.”

मी कंपनीला काय सांगू, असं विचारलं तर त्यांनी तेही माझ्यावर सोडलं नाही. माझ्याच फोनवरून कंपनीच्या माणसाला सांगितलं, “मी यांची डॉक्टर. हे इतक्यात येत नाहीत. यांना पुढच्या हंगामाला न्या.” कंपनीचा माणूस सज्जन निघाला. थांबतो म्हणाला.

त्यानंतरचे अडीच-तीन महिने मी कसे काढले ते मला विचारू नका. पुडी उतरत गेली तसे गुडघे मूळ स्वभावावर आले. आणि रोज सकाळी, चहा ओठाला लागायच्या आत, अक्कांचा फोन.

“किती घेतली?”

“तुम्ही सांगितली तेवढीच.”

“शोभाकडे दे.”

एके दिवशी मी जास्त घेतली होती आणि शोभा भाजी आणायला गेली होती. मी म्हटलं, सांगितली तेवढीच. अक्का म्हणाल्या, “शोभा येईपर्यंत मी फोन धरते.” आणि खरंच धरला. पलीकडून त्यांच्या पेशंटांचं बोलणं मला ऐकू येत होतं, आणि मधूनमधून अक्का विचारायच्या, “आली का?” शेवटी मीच कबूल झालो. तेव्हापासून खोटं बोलण्यात काही सोय उरली नाही. सकाळी उठायचं आणि जे असेल ते सांगून टाकायचं, याची मला सवयच लागली. ही सवय पुढे मला नडली.

पुडी सुटली, महिना गेला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. लस जळगावात मिळत नव्हती. मुंबईला ठरलेल्या केंद्रावर जायचं होतं. अक्का म्हणाल्या, “मी येते.”

“कशाला? मी काय लहान आहे?”

“तू एकटा गेलास तर तिथल्या डॉक्टरला काय सांगून येशील, याचा मला भरवसा नाही.”

तर मी, साठी ओलांडलेला केळीचा सल्लागार, सत्तरीच्या बाईचं बोट धरून मुंबईला निघालो. गाडीत अक्कांनी समोरच्या बाकावरच्या कुटुंबाला विचारून घेतलं की कुठे निघालात, आणि ते नुसते कल्याणला निघालेत हे ऐकून त्यांचा जरा विरस झाला.

केंद्रावरचा डॉक्टर तरुण होता. त्यानं कागद बघितले, माझं वय बघितलं आणि पेन खाली ठेवलं. “काका, साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना थोडा विचार करतो आम्ही. फार क्वचित, पण या वयात त्रास झाला तर गंभीर होऊ शकतो. जाणं गरजेचं असेल तर देतो. बहुतेकांना काही होत नाही.” मग त्यानं अक्कांकडे बघितलं. “मॅडम, तुम्ही यांना ओळखता. तुमचं काय मत?”

मला वाटलं अक्का फटकन काहीतरी बोलतील. उलट त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“मधू, तुझ्यावाचून तिथलं काम अडलंय का?”

“नाही,” मी म्हटलं.

“दुसरं कोणी जाऊ शकतं?”

“प्रल्हाद जाऊ शकतो. तो लहान आहे. निम्मं काम तर व्हिडिओवर बसूनही होईल.”

“मग तुला कशाला जायचंय?”

मागचे महिने मला रोज सकाळी हीच बाई विचारत होती आणि मी रोज खरं सांगत होतो. तोंडाला वळण पडलं होतं. बाहेर कोणी खाकरणारंही नव्हतं.

“मिरवायला,” मी म्हटलं.

तरुण डॉक्टरनं मान खाली घातली. अक्का म्हणाल्या, “मग नको.”

बस. तीन महिने गुडघे धरून बसलो, कंपनीला थांबवलं, मुंबईपर्यंत आलो आणि एका शब्दावर माझा युगांडा गेला. मी भांडलो. हो, भांडलो. म्हटलं, तो मुलगा सांगतोय ना बहुतेकांना काही होत नाही. म्हटलं, माझा जीव आहे. अक्का म्हणाल्या, “जीव तुझा आहे, घे तू. त्याला सांग आणि टोचून घे, मी हात धरणार नाही. मला मत विचारलं, मी दिलं.” आता त्यांनी असं म्हटल्यावर टोचून घेण्यात काय मजा राहिली? मी बाही खाली केली. आजही मला वाटतं, अक्का त्या दिवशी जरा जास्तच घाबरल्या. लस घेतली असती, काही झालं नसतं, सावद्याच्या चौकात माझं बॅनर लागलं असतं.

परतीच्या गाडीत मी फुगून खिडकीकडे तोंड करून बसलो. इगतपुरी गेल्यावर कधीतरी अक्का म्हणाल्या, “तुझी बहीण गेली. तिच्या माहेरचं आता माझ्याकडे येणारं तूच एक आहेस.” मी काही बोलायच्या आत चहावाला आला आणि त्यांनी त्याला हात धुतलेस का विचारलं. त्यानं “हो” म्हटलं. “दाखव,” अक्का म्हणाल्या. तो बिचारा कपाचा ट्रे सांभाळत तळहात दाखवत उभा राहिला. आम्हाला चहा मिळाला नाही.

घरी शोभाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जन्मात एकदा खरं बोललात तेही नको तिथे.”

प्रल्हाद युगांडाला गेला. जाण्यापूर्वी माझ्याकडे येऊन लागवडीचं सगळं विचारून गेला, गोड बोलून, आणि तिथून व्हिडिओ करून माझा चेहरा तिथल्या शेतकऱ्यांना दाखवला. मी मान डोलावली. त्यांनीही डोलावली.

अक्कांनी पुढे दवाखाना बंद केला आणि धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या. पायांनी साथ सोडली होती. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो, बागेतली पहिली उतरलेली केळी घेऊन. त्या ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या, पायांवर शाल. आधीपेक्षा निम्म्या झालेल्या. गल्लीतून कोणी बॅग घेऊन गेलं की अजून विचारत होत्या, “कुठे निघालास?” आणि तो नंदुरबार म्हणाला की “पाणी उकळून पी” म्हणत होत्या.

मी पाया पडलो. त्यांनी माझं तोंड हातात धरून इकडून तिकडून बघितलं, सूज नाही याची खात्री करून घेतली.

“अजून राग आहे?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझं तोंड सोडलं नाही.

“थोडा आहे,” मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांच्या भावजय पाणी घेऊन बाहेर आल्या आणि केळ्यांची फणी बघून म्हणाल्या, “अक्का, हे कोण?”

“हा मधू,” अक्का म्हणाल्या. “याला युगांडात केळी शिकवायला बोलावलं होतं. मी जाऊ दिलं नाही. तिथली केळी वाचली.”